आधी आपली वाटी काढून ठेवा, मग ताटं वाढा

पत्र:

ताई, नमस्कार. मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ४४. घरात सहा माणसं. सासू-सासरे, आम्ही दोघं, अकरावीतला मुलगा आणि आठवीतली मुलगी. चार एकर कोरडवाहू आहे, कापूस, तूर आणि सोयाबीन. सीझनमध्ये मी दुसऱ्यांच्या वावरातही कापूस वेचायला जाते. दिवाळीच्या आधी वेचता वेचता डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून तालुक्याला दाखवलं, तर शुगर निघाली. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ८.१ आली. एक गोळी सकाळी आणि एक संध्याकाळी सुरू आहे. डॉक्टरांनी भात, पोळी, आलू, गोड बंद करा, प्रोटीन वाढवा असं सांगून एक छापील कागद दिला. त्यावर ओट्स, ब्राऊन ब्रेड, पनीर, ब्रोकोली, बदाम लिहिलंय. आमच्या बाजारात यातलं काय भेटणार? मोबाईलवर एक जण सांगतो धान्यच सोडा, दुसरा म्हणतो ज्वारी कितीही खा. सासूबाई म्हणतात, "भाकर नाई खाल्ली त हातपाय कशे चालतीन?" सासरे माळकरी आहेत, घरात अंडं चालत नाही. माझ्यासाठी वेगळं रांधायला ना वेळ आहे ना पैसा. सगळ्यांचं झाल्यावर जे उरतं ते मी खाते. दुपारी वावरात दोन भाकरी आणि चटणी नाहीतर बेसन, रात्री वरण-भात आणि एखादी पोळी. चहा तीन-चार वेळा होतो. सोमवार आणि एकादशी धरते. भाकर सोडू की भात सोडू? आणि रेशनचा तांदूळ येतो, त्याचं काय करू?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर:

ताई,

तुम्ही विचारलंत भाकरीचं आणि भाताचं, पण मी अडकले ती मधल्याच एका वाक्यावर. "सगळ्यांचं झाल्यावर जे उरतं ते मी खाते." तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात. तुमच्या शुगरचं बरंचसं उत्तर मला त्याच वाक्यात दिसतं, म्हणून आधी तिथूनच सुरुवात करते.

रात्री साडेनऊला सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर तुमच्या पुढ्यात काय असतं ते आठवून बघा. वरणाच्या गंजात तळाशी पळीभर पाणी. कढईत वांग्याचं एखादं देठ आणि कडेला लागलेला मसाला. ताकाचं भांडं विसळून झालेलं. भाताचं पातेलं मात्र अर्धं भरलेलं, आणि टोपल्यात फडक्याखाली दोन भाकरी. असं का होतं? भाकर आणि भात कमी पडू नये म्हणून आपण नेहमी दोन माणसांचं जास्त करतो. डाळ महाग, भाजी महाग, म्हणून ती बेतानं करतो. मग पाच जणांनी वाढून घेतल्यावर डाळ-भाजी संपते आणि धान्य उरतं. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला रोज तेच येतं. गेली वीस वर्षं मी खेड्यातल्या बायांचं खाणं विचारून वहीत उतरवते आहे, आणि हे चित्र इतक्या घरांत पाहिलं आहे की आता मी "काय खाता" याच्या आधी "कितव्या नंबरला जेवता" असं विचारते.

म्हणून माझा पहिला सल्ला कोणत्या पदार्थाचा नाही. स्वयंपाक झाला, गंज खाली उतरवला, की पहिलं ताट वाढण्याआधी एका डब्यात तुमचं वरण आणि दुसऱ्या डब्यात तुमची भाजी काढून झाकून ठेवा. वरण गंजाच्या वरवरचं काढू नका, पळी तळापर्यंत घालून डाळ ढवळून काढा. सुरुवातीला हाताला हे जड जाईल. लेकरांच्या आधी आपलं काढलं म्हणून मनाला लागेल, मला ठाऊक आहे. माझी काकू जन्मभर शेवटी जेवली. शुगर निघाल्यावर तिला मी हेच सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अवं, पाव्हना आला त काय म्हनन?" पहिले आठ दिवस ती आपला डबा पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवायची. मग एक दिवस काकाच म्हणाले, समोर ठेव, त्यात लपवण्यासारखं काय आहे. तुम्ही लपवू नका. घरात सांगूनच करा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीइतकंच हे औषध आहे असं सांगा, कारण ते खरंच आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. भाकर असो, पोळी असो, भात असो, मुरमुरे असोत की गूळ, पोटात गेल्यावर या सगळ्यांची शेवटी साखरच होते. यांनाच कर्बोदकं म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत कार्ब. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात. ज्वारीच्या पिठात सुमारे ६८ आणि गव्हाच्या पिठात ६४ च्या आसपास. पाहिलंत ना, ज्वारी आणि तांदूळ यांत फरक आहे, पण तो दहा ग्रॅमचा आहे. ज्वारीचं मोठेपण तिच्या चोथ्यात आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीनच्या आत. त्यामुळे भाकरीनं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. म्हणून भाकर आणि भात यांतलं एक ठेवायचं तर भाकर ठेवा. पण "ज्वारी कितीही खा" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. भाकरीलाही माप लागतं.

आणि ते माप आपण कधी बघतच नाही. मागच्या हिवाळ्यात मी माझ्या वहिनीच्या परातीतलं एका भाकरीचं पीठ काट्यावर ठेवलं. ९५ ग्रॅम भरलं. म्हणजे एका भाकरीत जवळपास ६५ ग्रॅम कर्बोदकं. आपल्याकडची भाकर हॉटेलातल्यासारखी तळहाताएवढी नसते, तवाभर असते. तुमच्या दोन भाकरी म्हणजे १३०. रात्री अर्ध्या पातेल्यातला भात १०० ग्रॅम कच्च्या तांदळाचा धरला तर ७८. एका पोळीचे २०. चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, त्याचे ४०. झाले २७० च्या आसपास, आणि यात वरण-भाजी धरलेलीच नाही. एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर तुमच्या हाताची ओंजळभर पीठ मोजून बघा. एकदाच मोजलं तरी पुरे, पुढे हाताला अंदाज येतो.

दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं असली तर त्याला साधारणपणे कमी कार्बचं जेवण म्हणतात. तुम्ही वेचणीला जाता, निंदणाला जाता, दिवसभर वाकून काम करता. तुम्हाला एकदम तिथं उडी मारायची गरज नाही. आधी १८० पर्यंत या, मग १५० पर्यंत. धान्य पूर्ण बंद करणं तर अजिबात नको.

पण जेवणात हात घालण्याआधी एक काम करा, आणि हे टाळू नका. तुम्ही गोळीचं नाव लिहिलेलं नाही. पाकिटावर मेटफॉर्मिन एवढंच असेल तर शुगर एकदम खाली जाण्याची भीती फार कमी. पण त्यात ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लेमाइड असेल, तर गोळी तीच आणि भाकर निम्मी असं केल्यावर वावरात शुगर उतरू शकते. आणि नावाच्या शेवटी "फ्लोझिन" येणारी गोळी असेल तर धान्य फार कमी करणं किंवा कडक उपास करणं धोक्याचं ठरतं. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ सांगा की मी आजपासून भाकर-भात निम्म्यावर आणते आहे, गोळीचं काय करू. स्वतःच्या मनानं गोळी सोडू नका, कमीही करू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी तर हे पत्र वाचून परस्पर काहीच बदलू नये.

वेचताना अंधारी आली होती असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा गोळी सुरूच नव्हती, म्हणजे ती गोळीनं उतरलेली शुगर नसणार. शुगर वाढलेली असली की लघवी जास्त होते, अंगातलं पाणी जातं, त्यात ऑक्टोबरचं ऊन. शिवाय रक्त कमी असण्याचीही शक्यता आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, तिथं बोटाचं रक्त घेऊन शुगरही बघतात. आशाताईला सांगा, ती नेईल. आणि यापुढे वावरात घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधडलं, एकदम भूक लागली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि सावलीत बसा. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच घ्या, आणि बरं वाटल्यावर अर्धी भाकर खा. साखरेची पुडी ओटीत असू द्या. एरवी साखर बंद, पण ही पुडी औषध आहे.

आता ताटाचं बोलू. घरात वेगळी चूल पेटवायची नाही, वेगळं काही रांधायचं नाही. तोच गंज, तीच कढई, फक्त त्यातलं प्रमाण थोडं बदलायचं.

सहा माणसांना तुम्ही वाटीभर डाळीचं पातळ वरण करत असाल, साधारण २०० ग्रॅम डाळ. एका माणसाला त्यातून ७ ग्रॅम प्रोटीन मिळतं. त्याऐवजी ३०० ग्रॅम डाळ घाला आणि पाणी तेवढंच ठेवा. प्रत्येकाला ११ ग्रॅमच्या आसपास जाईल, आणि त्यात सासऱ्यांचंही भलं आहे, वाढत्या मुलाचंही, मुलीचंही. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रोटीन लागतं. पत्रातल्या तुमच्या जेवणात ते बहुतेक धान्यातूनच येतं, म्हणून धान्य कमी केलं की डाळ वाढवावीच लागते. नाहीतर भाकर कमी, डाळही कमी, आणि चार दिवसांत हातपाय गळाले की सासूबाईंचं म्हणणं खरं ठरेल.

डाळ महाग आहे हे मला कळतं. पण तुमच्या वावरात तूर आहे. तूर निघाली की पोती गाडीवर चढतात, बाजार समितीत जातात, आणि वर्षभर आपण किराण्यातून पावशेर-अर्धा किलो डाळ आणतो. या वर्षी विकण्याआधी वर्षाची तूर मोजून घरात ठेवा. रोज ३०० ग्रॅम धरलं तर वर्षाला ११० किलो डाळ, आणि तूर भरडल्यावर चुरी-फोल जातं म्हणून तूर त्याहून जास्त लागेल, दीड क्विंटलच्या आसपास. एवढी जमत नसेल तर अर्धी ठेवा आणि उरलेले दिवस हरभरा, मूग, बरबटी म्हणजे चवळी यांवर काढा. नवऱ्याशी बोलताना हा हिशेब समोर ठेवा. गोळ्या आणि तपासण्यांचा खर्चही त्याच वहीत लिहा.

बेसन तर तुमच्या हातचंच आहे. वावरात नेता ते बेसन घट्ट करा, त्यात कांद्याची पात, मेथी, मुंगन्याचा म्हणजे शेवग्याचा पाला असं काहीतरी मूठभर घाला, आणि दोन भाकरींसोबत चमचाभर बेसन असं न करता एका भाकरीसोबत वाटीभर बेसन खा. सोबत जवसाची चटणी. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा, थोडी तीळ, सुकी लाल मिरची, लसूण, मीठ, आणि खलबत्त्यात जाडसर कुटायचं. जवस अख्खा खाल्ला तर तसाच बाहेर पडतो, कुटलाच पाहिजे. आठ-दहा दिवसांचीच चटणी करा, जास्त केली तर खवट होते. तिच्यावर कच्चं फल्लीचं म्हणजे भुईमुगाचं तेल घेतलं तरी चालेल. डॉक्टरांच्या कागदावरच्या बदामांचं काम आपल्याकडे जवस, तीळ आणि फल्लीदाणे करतात. मूठभर भाजलेल्या फल्लीदाण्यांत ७ ग्रॅम प्रोटीन असतं आणि त्यानं शुगर फारशी हलत नाही. वेचणीला जाताना पदरात तेच बांधा.

घरच्या सोयाबीनबद्दलही सांगून ठेवते, कारण हा प्रश्न मला हमखास येतो. त्यात प्रोटीन भरपूर आहे, पण ते कच्चं दळून पिठात घालू नका, पचत नाही. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, कुकरमध्ये नीट शिजवून उसळीत घाला, किंवा उकळून, वाळवून, भाजून मग दळा. आणि पेरणीसाठी औषध चोळलेलं उरलेलं बियाणं चुकूनही स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. ते धुऊनही खाण्यालायक होत नाही.

बुलढाण्याकडे आणि खानदेशात कळण्याची भाकर करतात, ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेली. तुमच्याकडे उडीद नसतील तर तीन वाट्या ज्वारीला एक वाटी हरभरा घालून दळून आणा. भाकर थापायला थोडी कडक जाते, काठ फाटतात, म्हणून उकळत्या पाण्यात पीठ मळा. ही भाकर एक खाल्ली तरी पोट टिकतं.

भाजीत तुमच्याकडे आलू-वांगं होत असणार, आलू-गोबी होत असणार, कारण आलूनं भाजी पुरवठी येते. तेवढे आलू काढा. वांग्यात हिवाळ्यात तुरीचे सोले म्हणजे ओले दाणे घाला, एरवी भिजवलेले हरभरे किंवा बरबटीचे दाणे घाला. भाजी तेवढीच पुरते.

हिरव्या भाजीसाठी तर मी तुम्हाला सासूबाईंच्याच हवाली करणार आहे. त्यांचं वाक्य मला खटकलं नाही. त्यांच्या तरुणपणी भाकर खाऊनच माणसं राबायची, हे खरं आहे. पण तेव्हा भात सणावाराला व्हायचा, चहा दिवसातून चार वेळा नव्हता, आणि भाकरीसोबत बांधावरची भाजी ढीगभर असायची. मग वावरातून ज्वारी गेली. पाखरं आणि रानडुकरं राखता राखता माणूस थकला, सोयाबीन आलं, रोख पैसा आला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबांना महिन्याला माणशी ५ किलो आणि अंत्योदयवाल्यांना घरटी ३५ किलो धान्य मिळायला लागलं, जानेवारी २०२३ पासून तर ते फुकट आहे. त्या धान्यानं कित्येक घरांची चूल पेटती ठेवली, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आपल्याकडे ते आलं मुख्यतः तांदूळ आणि गव्हाच्या रूपानं, आणि ताटातली जागा त्यानं घेतली. भाकर होती तिथंच राहिली, वर भात आला, आणि भाजी मागं सरली.

तर सासूबाईंना विचारा की पावसाच्या पहिल्या महिन्यात त्या काय खुडून आणायच्या. त्या तुम्हाला तरोट्याचा कोवळा पाला दाखवतील, केना दाखवतील, मग अंबाडी येईल. अंबाडीत आपण ज्वारीच्या कण्या घालतो त्या चमचाभरच घाला, डाळ जास्त घाला. थंडीत हरभऱ्याचे शेंडे खुडा. खुडल्यानं झाडाला फांद्या फुटतात, त्यामुळे ज्याचं वावर आहे तोही नाही म्हणत नाही. ताज्या पाल्याचा घोळाणा करा: पाला बारीक चिरून कांदा, तिखट, मीठ आणि कच्चं तेल, बस. दोन मुठी घोळाणा भाकरीच्या आधी खाऊन टाका. उरलेला पाला सावलीत वाळवून डब्यात भरा, उन्हाळ्यात भाजी नसते तेव्हा डाळीत नाहीतर बेसनात तोच कामी येतो. मुंगन्याचं एक झाड तर न्हाणीच्या पाण्यावरही जगतं. एक मात्र पाहा, ज्या वावरात किंवा बांधावर तणनाशक मारलंय तिथली भाजी खुडायची नाही, आठ दिवसांनीही नाही. फवारणी कोणी कधी केली हे विचारूनच खुडा.

मी मुद्दाम म्हटलं की घोळाणा भाकरीच्या आधी खा. आधी भाजी, मग डाळ आणि शेवटी भाकर अशा क्रमानं जेवलं तर तेच ताट खाऊनही जेवणानंतरची शुगर कमी चढते. यात पैसा लागत नाही आणि कोणाला काही समजवावंही लागत नाही. भूक लागलेली असते तेव्हा हात आधी भाकरीकडे जातो, म्हणून भाकर ताटात मागाहूनच घ्या.

चहाची साखर तुमच्या हातात आहे. एका आठवड्यात दोनाचा एक चमचा, पुढच्या आठवड्यात अर्धा, मग शून्य. वावरात किटलीतून येतो तो चहा आधीच गोड असतो, तो एक कप सोडा किंवा घरून ताक न्या. साखरेच्या जागी गूळ घातला तरी शुगर तशीच वाढते, त्या भ्रमात राहू नका. चहासोबतचे टोस्ट आणि मुरमुरेही याच खात्यात येतात.

रेशनचा तांदूळ टाकायचा नाही, विकायचाही नाही. घरातल्या मुलांना, राबणाऱ्या माणसांना तो लागतो. तुमच्यासाठी रात्रीचं ठरवा: एकतर अर्धी भाकर, नाहीतर बंद मुठीएवढा शिजलेला भात. दोन्ही नाही. वडाभात करता तेव्हा तुमच्या ताटात डाळीचे वडे जास्त आणि भात कमी घ्या, वरून चिंचेचं सार किंवा ताक. सकाळी उरलेला भात फोडणीला टाकून तो संपवायची जबाबदारी आजवर तुमच्यावर होती. ती आता तुमची नाही. संध्याकाळी तांदूळ धुतानाच अर्धी वाटी कमी घ्या, म्हणजे उरणारच नाही.

उपासाला साबुदाणा नको. १०० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदकं आणि प्रोटीन जवळजवळ नाहीच. तो टॅपिओकाच्या कंदातल्या पिष्टाचा दाणा आहे, तमिळनाडूत सेलमकडे बनून येतो. सोमवारी फल्लीदाणे, दही, काकडी, ताक आणि थोडी भगर दाण्याच्या आमटीसोबत घ्या. एकादशीला निरंकार उपास आणि गोळी हे एकत्र चालणार नाही. गोळीचं पाकीट घेऊन जाल तेव्हा उपासाचंही विचारा.

आणि तुमची आठवीतली मुलगी. ती तुमच्यासोबत शेवटी जेवते की भावासोबत? लिहिलं नाहीत, म्हणून विचारते. तिचाही डबा तुमच्या डब्याशेजारी ठेवा, किंवा तिला पहिल्या पंगतीलाच बसवा.

घाई करू नका. पहिले पंधरा दिवस फक्त डबा आधी काढायचा आणि चहाची साखर निम्मी करायची. पुढचे पंधरा दिवस दुपारची दुसरी भाकर अर्धी. मग रात्रीचा भात मुठीवर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशी काय खाल्लं ते दोन शब्दांत लिहा, आणि आरोग्य केंद्रात जाल तेव्हा जेवणाआधीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर तिथंच नोंदवा. तीन महिन्यांची शुगर तीन महिने झाल्यावरच पुन्हा काढा, आधी काढून पैसे घालवू नका. ती आली की मला कळवा. त्या पत्रात सहा माणसांच्या आधी तुमचं ताट लिहा, काय होतं, किती होतं आणि किती वाजता जेवलात.